गाणे ऐकण्याच्या यंत्रालाही विम्याचे खरे संरक्षण द्या : विमा नियामकांना खुले पत्र

मा. अध्यक्ष व सदस्य,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद,
तसेच सर्वसाधारण विमा कंपन्यांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

१ एप्रिल २०२१ पासून आपण सर्व कंपन्यांना घराच्या विम्याची एकच प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक केले. त्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीबद्दल हे पत्र आहे. मी ती घेतली, हप्ता वेळेवर भरला, आणि घरातल्या ज्या वस्तूची मला सर्वांत जास्त काळजी होती तिचेच नुकसान झाले तेव्हा एक रुपयाही मिळाला नाही. माझा दावा फेटाळणाऱ्या कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कंपनीने आपण ठरवून दिलेल्या मजकुरावर बोट ठेवले आणि हात वर केले. बदलायला हवा तो मजकूर, आणि तो बदलण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. पत्र खुले अशासाठी, की हीच पॉलिसी कपाटात ठेवून निर्धास्त बसलेले हजारो लोक आहेत. त्यांनीही ते वाचावे.

मी सांगलीत गाणे शिकवते. शिकवणीत गाण्याइतकाच वेळ ऐकण्याला द्यावा, हे मी माझ्या गुरूंकडून घेतले. दर रविवारी सकाळी मुले-मुली येतात, सतरंजी अंथरतो आणि जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे ऐकतो. मोबाइलवर तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे खालचा सूर, ऐकूच येत नाही. जवारी, म्हणजे तारेची झणझणती गुंज, कशी लागली आहे, गाणाऱ्याने श्वास कुठे घेतला, तबलजीने बायाँवर, म्हणजे डाव्या तबल्यावर, हात किती दाबला, हे मुलांच्या कानांपर्यंत पोहोचायचे तर यंत्र चांगलेच लागते. काकांनी ठेवलेला इंग्लंडचा जुना गॅरार्ड ३०१ टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र), पगारातून साठवून घेतलेला १ लाख ४० हजारांचा अँप्लिफायर आणि निवृत्तीच्या पैशांतून आणलेली १ लाख ९० हजारांची स्पीकरची जोडी, असा हा संच जमला. याला कोणी चैन म्हणेल. मी याला माझी शाळा म्हणते, आणि सांगली, मिरज, कोल्हापूरकडे अशी घरे पुष्कळ आहेत.

विमा घेण्याचे कारणही सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आमच्या तळमजल्यावर छातीएवढे पाणी होते. ओसरल्यावर पाहिले, तर रेकॉर्डच्या पाकिटांचा लगदा झालेला आणि तेव्हाच्या स्पीकरची लाकडी खोकी फुगून सांध्यांत उललेली. पुढे नवा संच माडीवर मांडला आणि नवी पॉलिसी आल्यावर ती घेतली. एजंटांनी सांगितले, “ताई, आता घरातलं सगळं कव्हर आहे.” त्यांनाही तसेच शिकवलेले असणार. त्यांच्यावर माझा राग नाही.

पॉलिसीत चांगले जे आहे, ते आधी मान्य करते. घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळते आणि त्यासाठी यादी द्यावी लागत नाही. विमा रक्कम कमी लावली म्हणून त्या प्रमाणात दावा कापण्याची जुनी पद्धत इथे नाही. पूर, आग, भूकंप, दंगल, छतावरची टाकी फुटणे, सगळे आहे. पुन्हा २०१९ सारखा पूर आला तर माझा संच या पॉलिसीत बसतो. पण इलेक्ट्रॉनिक वस्तू पुरात क्वचित जाते. ती जाते विजेच्या वाढलेल्या दाबाने (व्होल्टेजने), आणि पॉलिसीने नेमके तेच बाहेर ठेवले आहे.

आमच्याकडे झाले ते असे. उन्हाळ्यात वळवाचा पाऊस आला, फांदी तारांवर पडली आणि खांबावरची न्यूट्रल तुटली. ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. खांबावरून तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तारा, आणि एक न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, येते. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट असतात, दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. न्यूट्रल तुटली की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी जोडल्यासारखी होतात आणि ज्या घरात त्या वेळी कमी उपकरणे चालू असतात तिथे दाब ३०० च्या पुढे चढतो. आमच्या घरात तेव्हा दोन दिवे, एक पंखा आणि अँप्लिफायर एवढेच चालू होते. दिवे डोळे दिपतील इतके पेटले, पंखा घरघरायला लागला, आणि मी मेन स्विचपर्यंत पोहोचेतो अँप्लिफायरच्या जाळीतून जळक्या व्हार्निशचा वास आणि निळसर धूर यायला लागला होता. एक्स्टेन्शन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर होता. तो क्षणभराच्या धक्क्यासाठी असतो. मिनिटभर टिकलेल्या जास्तीच्या दाबापुढे तो स्वतःच जळून काळा पडला.

मिरजेच्या कारागिराने झाकण उघडून दाखवले. आउटपुटचे ट्रान्झिस्टर शॉर्ट, कपॅसिटरची डोकी फुगून वर आलेली, ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे काळे. संरक्षणाचा रिले चिकटून बसल्यामुळे डीसी (एकाच दिशेचा वीजप्रवाह) सरळ डाव्या स्पीकरवर गेला होता आणि वूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या भागाची, कॉइल जळून तिचा शंकू जागीच अडकला होता. बोटाने दाबला तर खर्रकन आवाज येई. उजवा स्पीकर धडधाकट.

दावा दाखल केला. सर्व्हेअर आले, सभ्यपणे वागले, फोटो काढले. मग पत्र आले: विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाला जादा दाब, शॉर्ट सर्किट, ठिणगी, आपोआप तापणे किंवा वीजगळती यांमुळे, कोणत्याही कारणाने, झालेले नुकसान वगळलेले आहे. अँप्लिफायर बनवणाऱ्यांची वॉरंटी पाहिली, तर तिथेही विजेच्या दाबातील चढउतार वगळलेला. म्हणजे यंत्रात दोष असेल तर बनवणारा पाहणार, बाहेरून संकट आले तर विमा पाहणार, अशी आपण समजूत करून घेतो, आणि सर्वांत जास्त घडणारी गोष्ट या दोघांच्या मधल्या फटीत पडते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी हीच. त्या कलमातल्या कंसात ‘आकाशातील वीज धरून’ असे शब्द आहेत. त्याच पॉलिसीत संरक्षण असलेल्या संकटांच्या यादीत वीज कोसळणे हे ठळकपणे दिलेले आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की वीज कोसळून भिंत तडकली तर पैसे मिळतील, पण त्याच विजेचा लोट तारांतून येऊन अँप्लिफायर, टीव्ही, फ्रिज जळला तर मिळणार नाहीत. अँप्लिफायरने पेट घेऊन पडदा आणि शेजारचे कपाट जळले, तर पडद्याचे आणि कपाटाचे मिळतील, कारण हे कलम ज्या यंत्रात बिघाड झाला त्या यंत्रापुरतेच लागू होते. हे कलम जुन्या फायर पॉलिसीतून जसेच्या तसे आले आहे. ती पॉलिसी कारखान्यांतल्या मोटारी आणि पॅनेल डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली होती. यंत्र बेफाम चालवून जाळायचे आणि भरपाई मागायची, हे रोखण्यासाठी तिथे ते ठीक असेल. घरात गाणे ऐकणाऱ्या बाईने खांबावरची न्यूट्रल तुटण्यात काय हलगर्जी केली?

आणि हा धोका विम्यात घेता येत नाही असेही नाही. कार्यालये आणि स्टुडिओंसाठी कंपन्यांकडे इलेक्ट्रॉनिक उपकरणांची वेगळी पॉलिसी आहे आणि तिच्यात विजेच्या दाबाने होणारे नुकसान धरतात. घरासाठी काही कंपन्या उपकरण-बिघाडाचे जोडकलम देतात, पण त्यात बहुधा उपकरणाच्या वयाची अट असते आणि ती टीव्ही-वॉशिंग मशीनकडे पाहून घातलेली असते. एकच अँप्लिफायर स्टुडिओत असला तर विम्याला चालतो आणि दिवाणखान्यात असला तर चालत नाही, याचे कारण आजवर मला कोणी सांगू शकलेले नाही.

दुसरी तक्रार किमतीची. आपल्या पॉलिसीत ‘मौल्यवान वस्तू’ म्हणून वेगळा पर्याय आहे: दागिने, चांदीची भांडी, चित्रे, कलावस्तू, उंची गालिचे, दुर्मीळ जुन्या वस्तू. त्यांची किंमत दोघांनी आधी ठरवायची आणि वस्तू पूर्ण गेली तर तेवढी द्यायची. फार चांगली सोय आहे. पण या यादीत ध्वनियंत्रे नाहीत, वाद्ये नाहीत, रेकॉर्डचे संग्रह नाहीत. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “म्युझिक सिस्टिम सामान्य सामानात येते.” काकांचा गॅरार्ड १९५० च्या दशकातला आहे. त्याचे मूळ उत्पादन केव्हाच थांबले, चांगल्या स्थितीतल्या नगाला जगभर गिऱ्हाईक आहे आणि त्याची किंमत वर्षागणिक वाढत आली आहे. उद्या तो आगीत गेला तर ‘त्याच किंवा तशाच प्रकारची वस्तू’ म्हणून सर्व्हेअर बाजारातला आजचा एखादा प्लॅस्टिकचा टर्नटेबल दाखवणार नाहीत, याची हमी कुठे आहे? संगणकाला लावतात तसा वर्षाला ठरावीक टक्के घसारा इथे कोणी लावलाच, तर ते वस्तू काय आहे हेच न पाहणे ठरेल.

समजा एखाद्या कंपनीने मौल्यवान वस्तूंत घ्यायची तयारी दाखवली. एका वस्तूची किंमत १ लाखाच्या वर गेली की मूल्यांकनाचा दाखला लागतो. सोन्याला सराफ दाखला देतो. अँप्लिफायरला कोण देणार? मान्यताप्राप्त मूल्यांकनकर्ते या कामासाठी मला मिळाले नाहीत, आणि विक्रेत्याचे पत्र चालेल का याचे लेखी उत्तर कोणी देत नाही.

तिसरी तक्रार जोडीची. बोलता बोलता सर्व्हेअर म्हणाले, की दावा मंजूर झाला असता तरी एकाच स्पीकरचे पैसे धरले असते. वस्तू जोडीतली किंवा संचातली असली तरी गेलेल्या नगाचीच किंमत द्यायची, असे कलम अनेक पॉलिसींमध्ये असते. कानातली एक कुडी हरवली तर निदान सराफ तशीच दुसरी घडवून देतो. स्पीकरची जोडी कारखान्यात मोजून जुळवलेली असते. माझ्या स्पीकरचा तो वूफर आता बनत नाही. दुसऱ्या जातीचा बसवला तर डाव्या-उजव्या बाजूचा आवाज वेगळा लागतो, आणि गायक मध्यभागी बसल्यासारखा जो ऐकू यायला हवा तो एका कडेला सरकतो. एक स्पीकर जळला म्हणजे जोडी गेली. ज्यांचा कान तयार आहे त्यांना हे पटवून द्यावे लागत नाही, आणि ज्यांचा नाही त्यांच्यासाठी तंत्रज्ञाचा अहवाल पुरेसा असावा.

चोरीचे थोडक्यात लिहिते. या पॉलिसीत चोरीला संरक्षण आहे, पण आग किंवा पुरासारख्या घटनेनंतरच्या ७ दिवसांत झालेल्या चोरीला. घर बंद करून लग्नाला गेलो आणि कुलूप फोडून संच नेला, तर या मूळ पॉलिसीतून काही मिळत नाही. त्यासाठी घरफोडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. ‘घराचा विमा’ हे शब्द ऐकून किती जणांना हे ठाऊक असेल?

कागदपत्रांबाबत तर आपलाच नियम आपल्यासमोर ठेवते. २०२४ च्या आपल्या परिपत्रकात लिहिले आहे, की कागदपत्रांच्या अभावी दावा फेटाळू नये आणि लागणारी कागदपत्रे विमा देतानाच मागून घ्यावीत. मला विमा देताना कोणी अँप्लिफायरचे बिल मागितले नाही, सीरियल नंबर लिहून घेतला नाही. दाव्याच्या वेळी मात्र टर्नटेबलसकट सगळ्या संचाची बिले मागितली. वारशाने आलेल्या, परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या, किंवा दुसऱ्या रसिकाकडून घेतलेल्या वस्तूंची बिले नसतात. या छंदातल्या निम्म्या वस्तू अशाच हातोहात फिरतात, हे यातल्या कोणालाही विचारा.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. त्याच्या घरसामानाच्या पॉलिसीत एका वस्तूची कमाल मर्यादा छापलेली आहे आणि त्यापेक्षा महाग वस्तू नावानिशी नोंदवायला सांगितले आहे. थोडा जास्त हप्ता भरला तर अपघाती नुकसानही त्यात येते. तिथल्या कंपन्या फार उदार आहेत असे तो म्हणत नाही. पण काय आहे आणि काय नाही, हे त्याला पैसे भरण्याआधी समजले होते.

मी लोकपालांकडे का गेले नाही, असे विचाराल. पुण्याला विमा लोकपालांचे कार्यालय आहे, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात आणि फीही लागत नाही. ज्यांचा दावा चुकीने नाकारला आहे त्यांनी तिथे जरूर जावे. पण लोकपाल समोरचा करार वाचून निर्णय देणार, आणि माझ्या करारात कलम स्पष्ट आहे. ते कलम घालणारे आपण आहात, म्हणून पत्र आपल्याला.

काय मागत नाही, तेही सांगते. सुई झिजली, बेल्ट ढिला पडला, स्पीकरची फोमची कड दहा वर्षांनी विरली, पावसाळ्याच्या दमटपणाने बुरशी धरली, उंदराने वायर कुरतडली, यांचे पैसे विम्याने द्यावेत असे माझे म्हणणे नाही. ती मालकाची निगा आहे. फुकटही काही नको. जास्त हप्ता घ्या. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासल्याचा दाखला मागा, दाब वाढला की पुरवठा तोडणारा स्टॅबिलायझर बसवण्याची अट घाला, दाव्यातली पहिली ठरावीक रक्कम आमच्या अंगावर ठेवा. या अटी पाळायला मी आज तयार आहे, आणि माझ्या ओळखीचे सगळे तयार होतील.

मागण्या अशा आहेत.

१. ‘भारत गृह रक्षा’मध्ये विजेच्या दाबाने घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांना होणाऱ्या नुकसानीचे पर्यायी संरक्षण प्रत्येक कंपनीने देणे बंधनकारक करावे. आकाशातील वीज तर वगळण्याच्या कलमातून सरळ काढून टाकावी.

२. मौल्यवान वस्तूंच्या वर्णनात ध्वनियंत्रे, वाद्ये आणि ध्वनिमुद्रणांचे संग्रह स्पष्ट शब्दांत घालावेत. मूल्यांकनासाठी अधिकृत विक्रेत्याचे किंवा जाणकार तंत्रज्ञाचे पत्र चालेल, असे लिहावे. वाद्यांचा उल्लेख मी सहज केलेला नाही. मिरजेतल्या तानपुऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि चांगला तानपुरा पुरात गेला तर तो ‘सामान्य सामान’ म्हणून मोजला जातो.

३. जोडी किंवा संच म्हणूनच उपयोगी पडणाऱ्या वस्तूंत एक नग गेला आणि तसाच मिळत नसेल, तर पूर्ण जोडीची भरपाई द्यावी. उरलेला नग कंपनीने घेऊन जावा.

४. विमा देतानाच वस्तूचे फोटो, सीरियल नंबर आणि ठरलेली किंमत नोंदवून घ्यावी. नोंद झाल्यावर दाव्याच्या वेळी बिलाचा आग्रह धरू नये.

५. जे ग्राहक माहितीपत्र आपण सुरू केले आहे, ते महाराष्ट्रात न मागता मराठीत मिळावे, आणि त्यात ‘या गोष्टींचे पैसे मिळणार नाहीत’ हा भाग पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत असावा. विजेचा दाब आणि घरफोडी या दोन गोष्टी त्यात सर्वांत वर हव्यात.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांना एकच विनंती आहे. आज आपापली पॉलिसी काढा आणि वगळलेल्या बाबींत विद्युत उपकरणांचे कलम शोधा. मग एजंटला किंवा कंपनीला ईमेलवर विचारा, की खांबावरची न्यूट्रल तुटून माझी यंत्रे जळाली तर किती मिळेल. उत्तर लेखी घ्या.

महोदय, नियम बदलण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या सूचना मागवण्याची आपली पद्धत आहे. या पाच मुद्द्यांवर तसा मसुदा काढावा. काढणार नसाल, तर कोणत्या मुद्द्याला काय हरकत आहे ते जाहीरपणे सांगावे. अँप्लिफायर दुरुस्तीला टाकला आहे, त्याचा खर्च मी सोसते आहे, आणि माझ्या दाव्याचे आता काही होणार नाही हे मला ठाऊक आहे. येत्या पावसाळ्यात ज्यांच्या घरात हे घडेल त्यांच्यासाठी उत्तर हवे आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
सांगलीतील एक संगीतशिक्षिका व विमाधारक